एकच खोटा निळा

"हा रंग कोणता, सांगाल का?"

मी मान वर न करताच विचारलं, "आतली भिंत की बाहेरची?"

"भिंत नाही. पुस्तकात शोधायचाय."

आता मात्र मान वर करावीच लागली. काउंटरपलीकडे एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. शर्टाच्या खिशात चिमटा, काखेत जाडजूड पुस्तक आणि तळहातावर काचेच्या झाकणाची छोटी गोल डबी... घड्याळाचे बारीक भाग ठेवतात ना, तसली. डबीत ओल्या कापसावर एक फूल होतं, नखाएवढं.

मी रंगाच्या दुकानात काम करते. दुकान बाबांचं, पण बाबा हल्ली फक्त खुर्चीत बसून ओळखीच्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. पुढचं सगळं वहिनी बघते आणि मागे मशीनपाशी रंग कालवायचं काम माझं. कुणी पडद्याचा तुकडा आणतं, कुणी जुन्या कपाटाची ढलपी आणतं, 'अगदी अस्साच हवा' म्हणतं, आणि मी अगदी अस्साच देते. माझा डोळा चुकत नाही अशी गावात ख्याती आहे. ती मीच पसरवली असली तरी खरी आहे.

"जांभळा," मी म्हणाले.

"नक्की? निळा नाही?"

"साहेब, याला निळा म्हणणाऱ्याला आम्ही दुकानाची पायरी चढू देत नाही."

वाटलं, हसेल. तो हसला नाही. त्याने पुस्तक काउंटरवर ठेवून माझ्याकडे फिरवलं. रानफुलं ओळखायचं पुस्तक होतं ते. पानांच्या कडा रंगवलेल्या. पांढऱ्या फुलांची पानं पांढरी, पिवळ्यांची पिवळी, मग गुलाबी, जांभळी, निळी. आधी फुलाचा रंग बघायचा, त्या रंगाची कड धरून पुस्तक उघडायचं आणि मग पाकळ्या मोजत, पानं ताडून बघत नेमक्या फुलापर्यंत पोचायचं, अशी सोय होती.

"मला या दोन कडा एकच दिसतात," जांभळ्यावर आणि निळ्यावर बोट ठेवत तो म्हणाला. "आणि ही गुलाबी म्हणतात ती... राखाडी. लहानपणापासून. त्यामुळे मी दारातच अडतो. एकदा आत गेलो की पुढचं सगळं मोजता येतं मला. घड्याळं दुरुस्त करतो मी, बारीक मोजायची सवय आहे."

माझी जीभ आधी चालते आणि मग लाजते. मी गुपचूप जांभळी कड धरून पुस्तक उघडून दिलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने पाकळी हलवली, ओठातल्या ओठात आकडे म्हटले, पानं उलटली... आणि थांबला. फूल सापडलं होतं. लांबलचक, माझ्या जिभेला न वळणारं काहीतरी नाव होतं त्याचं. पण ते सापडल्यावर त्याचा जो चेहरा झाला, तो बघताना मी हातातल्या डब्याचं झाकण ठोकायचं विसरले.

तो गेल्यावर वहिनी म्हणाली, "काय हो वन्सं, काय घेतलं त्यांनी?"

"काही नाही."

"अस्सं. मग तुमचं काय घेतलं?"

वहिनीशी बोलण्यात कुणी जिंकलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

पुढच्या सोमवारी तो परत आला. डबीत दोन फुलं. त्याच्या पुढच्या सोमवारी चार. वहिनी पुढूनच ओरडायची, "वन्सं, घड्याळजी आलेत हो! आजही भिंत नाहीये त्यांच्याकडे!" मी रंग सांगायची, तो पुस्तकात त्या फुलाशेजारी पेन्सिलने तारीख टाकून रंग लिहायचा. पहिल्या दिवसानंतर त्याने 'नक्की?' असं कधी विचारलं नाही. हे मला फार आवडलं होतं.

"फुलं तोडून आणायला जिवावर येतं," एकदा तो म्हणाला. "त्यापेक्षा तुम्हीच तिकडे आलात तर?"

"रंग सांगायला?"

"रंग सांगायला..." तो डबीचं झाकण पुसत राहिला. "तेवढ्यासाठीच असं नाही."

तर अशी मी दर रविवारी सकाळी गोदामांच्या मागे, मालगाडीच्या बंद पडलेल्या फाट्यावर जायला लागले. गंजलेले रूळ, खडी, आणि खडीतून वर आलेलं गुडघाभर गवत. आता सांगायची गोष्ट म्हणजे मला गवताचं वावडं आहे. लहानपणी बागेत नेलं की आई दोन रुमाल बरोबर घ्यायची. पहिल्याच रविवारी मला सतरा शिंका आल्या. सतरा हा आकडा त्याने सांगितला. मोजल्या होत्या त्याने.

"त्रास होत असेल तर राहू द्या," तो म्हणाला.

"छे... आक्छी... त्रास कसला!"

"अठरा."

त्या पुस्तकाच्या सुरुवातीला वापरायचे नियम दिले होते. त्यातला एक त्याला फार प्रिय. एका खुणेवरून ओळख ठरवू नये, निदान तीन खुणा जुळाव्यात. एखादी खूण जुळली नाही तर फूल टाकून देऊ नये, बाकीच्या खुणा पुन्हा बघाव्यात. तो हे इतक्या गंभीरपणे म्हणायचा की मला हसू यायचं. मग मीही त्याच्या खुणा जमवायला लागले. हसू आलं की तो चिमटा खिशातून काढून परत खिशात ठेवतो. रूळ ओलांडताना हात पुढे करतो आणि मी धरायच्या आत, लाजून, मागे घेतो. दोन झाल्या. तिसरी सापडायची वाट बघत होते मी.

आणि तेवढ्यात ती सापडली. ती म्हणजे तिसरी खूण नव्हे... ती.

तो खडीत पालथा पडून केसर मोजत होता आणि मी सहज पुस्तक चाळत होते. एका समासात हिरव्या शाईतलं अक्षर दिसलं. गोल, टपोरं, नको तितकं सुंदर. 'हा जांभळा. निळा नव्हे, वेडू!' पुढे अजून एक. 'गुलाबी, लहान बाळाच्या टाचेसारखा.' मग पानोपानी तेच. पानं उलटत गेले तसा माझ्या अंगाचा तिळपापड होत गेला. वेडू म्हणे! आणि बाळाची टाच! रंग सांगायची ही काय रीत झाली?

पान एकशे बारावर तर कहरच. एक फिकट जांभळं फूल, पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या टोकाला छोटीशी खाच. त्याच्याखाली हिरवी ओळ होती. 'हे सापडलं की मला कळव. असेन तिथून येईन.'

"हे कुणाचं अक्षर?" मी विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला होता, निदान मला तरी तसं वाटलं.

"तिचं," तो पालथाच म्हणाला. "नकाशे काढते ती. पूर्वी इथेच होती. तुमच्याआधी रंग तीच सांगायची."

तुमच्याआधी! जणू मी बदलीवर आलेली कारकून.

"मग गेली कुठे?"

"दुसऱ्या शहरात मोठं काम मिळालं. मला म्हणाली, तूही चल. मी नाही गेलो. दोघांना वाईट वाटलं, पण भांडण नाही झालं." तो उठून बसला, गुडघ्यावरची खडी झटकली. "एकशे बारावरचं फूल आम्ही तीन वर्षं शोधलं. नाहीच मिळालं."

"आणि मिळालं तर?"

"तर काय... कळवायचं असं ठरलंय."

मला त्या दिवशी एकही शिंक आली नाही. रागाने बंद झाल्या असाव्यात.

त्यानंतर माझं रविवारचं येणं म्हणजे डोळ्यांत तेल घालून पहारा झाला. तो नवी फुलं शोधायचा आणि मी एकशे बारावरचं फूल कुठे नाही ना, ते बघायची. पुस्तक हातात आलं की ते पान मी दोन पानं एकदम धरून उलटायची. ती दिसायला कशी असेल, त्याला हाक कशी मारत असेल, तिच्या रंगांना तो 'नक्की?' म्हणत असेल का, नसेल का... रंग कालवताना मशीन फिरायचं आणि त्याच्याबरोबर माझं डोकं.

आणि एका रविवारी ते फूल सापडलं.

भुरभुर पाऊस पडत होता. रुळांच्या अगदी शेवटाला गाडी थांबवायचा लोखंडी अडसर असतो, त्याच्या आडोशाला चार-पाच फुलं उभी होती. फिकट जांभळी. पाच पाकळ्या. टोकाला खाच. मी बघताक्षणी ओळखलं. मागे फिरून त्याला दुसरीकडे न्यावं म्हणून वळले, तर तो आधीच गुडघ्यांवर बसला होता.

"हे नवीन दिसतंय!" त्याच्या भुवयांवर पावसाचे थेंब जमले होते. "रंग कोणता?"

जांभळा म्हटलं की तो जांभळी कड धरणार. पाकळ्या मोजणार. एकशे बारा उघडणार. हिरवी ओळ वाचणार. आणि मग असेल तिथून ती येणार.

"निळा," मी म्हणाले.

त्याने वर बघितलं. "नक्की?"

पहिल्या दिवसानंतर, इतक्या महिन्यांत, आज विचारलं त्याने. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द... "माझ्यावर विश्वास नाही का?"

"आहे ना," तो म्हणाला, आणि लिहूनही टाकलं. तारीख, निळा. मग निळ्या पानांत बराच वेळ शोधत बसला. "निळ्यात पाच पाकळ्यांचं, टोकाला खाच असलेलं काहीच नाहीये."

"जुनं पुस्तक आहे. राहून गेलं असेल."

"असेल," म्हणून त्याने पुस्तक मिटलं. फुलांचा फोटो काढला. 

मी आयुष्यात खूप गोष्टी खोट्या सांगितल्या आहेत. वय, वजन, 'आलेच पाच मिनिटांत'. पण रंग कधी खोटा सांगितला नव्हता. आणि सांगितला तो कुणाला? ज्याला पडताळून बघता येत नाही त्याला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं!

त्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या भिंतीचा रंग परत पाठवला. माझ्या हातचा डबा परत यायची ही पहिली वेळ. फिकट हिरवा सांगितला होता, मी चक्क पिवळट दिला होता.

"कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात," वहिनी डबा उचलत म्हणाली. "तुमची कुठली कावीळ, वन्सं?"

"काहीतरीच काय! अंदाज चुकला."

"हं. बरं, काल तुम्ही दाढ दाखवायला त्याच डॉक्टरांकडे गेला होतात ना, तेव्हा घड्याळजी येऊन गेले."

"काय म्हणाले?"

"काही नाही. फोनमधले फोटो दाखवत होते मला. तासभर बसले होते." आणि वहिनी अशी हसली की मला थेट वहिनीचाच राग आला. तासभर! माझ्या दादाची बायको, दोन मुलांची आई, आणि मी तिच्यावर जळत होते. इथपर्यंत मजल गेली होती माझी.

तिसऱ्या रविवारी मी फाट्यावर पोचले आणि दुरूनच दिसलं, रुळांखालच्या लाकडी ओंडक्यावर कुणीतरी बसलंय. आखूड केस, मोठे बूट, मांडीवर पुस्तक. आमचं पुस्तक. शेजारी जमीन मोजायची फीत पडली होती आणि पलीकडे तो खडीत वाकला होता.

"तूच ना रंगवाली?" ती उठून हसत पुढे आली. "ये गं! ऑफिसने या फाट्याच्या मोजणीला पाठवलंय मला, चार दिवस. म्हटलं, बरंच झालं, आमचा काट्या काय म्हणतो तेही बघू."

काट्या! हा घड्याळाच्या काट्यासारखा उंच, किडकिडीत, म्हणून काट्या. आणि तोही खुशाल ओ देत होता. इतके महिने मी 'अहो' आणि 'तुम्ही'च्या पुढे एक पाऊल सरकले नव्हते, आणि ही बाई आल्या आल्या "अरे काट्या, पाणी दे की!" वाईट असती तर किती बरं झालं असतं. पण ती चांगली होती. तिने माझ्यासाठी कोरडी जागा शोधली, मला शिंक आल्यावर स्वतःचा रुमाल दिला. तो रुमाल हातात धरून मी आतल्या आत पेटत होते.

मग फीत घेऊन ती मोजत मोजत निघाली. रुळांच्या शेवटाकडे. अडसराकडे. मला पळत जाऊन तिला अडवावंसं वाटलं, पण हातात तिचाच रुमाल होता.

"काट्या!" ती किंचाळलीच. "अरे, हे काय आहे? एकशे बारा! हे सापडलं आणि तू मला कळवलं नाहीस?"

संपलं, मी मनात म्हटलं. आता तो माझ्याकडे बघेल, मग तिच्याकडे, आणि पुन्हा कधीही मला कुठल्याच फुलाचा रंग विचारणार नाही.

तो सावकाश चालत गेला. फुलांपाशी थांबला. चिमटा खिशातून काढला, परत ठेवला.

"ते होय," तो म्हणाला. "ते निळं आहे."

"निळं? अरे, स्वच्छ जांभळं आहे! निळं कुणी सांगितलं तुला?"

"पुस्तकात तारखेनिशी लिहिलंय. निळं." आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं, अगदी शांतपणे. "आमच्याकडे रंग एकच माणूस सांगतो."

आमच्याकडे... मी तो शब्द ऐकला आणि मला लागोपाठ पाच शिंका आल्या.

ती आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. नकाशे काढणारी बाई ती, कोण कुठे उभं आहे ते तिला चटकन कळत असणार. ती मोठ्याने हसली. परत येऊन तिने पुस्तक उचललं, एकशे बारा काढलं, खिशातून हिरवं पेन काढलं आणि आपल्याच जुन्या ओळीखाली एक शब्द लिहिला. 'कळलं.'

पुस्तक माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "मी खरे रंग सांगायचे ना, तरी दर वेळी विचारायचा, नक्की? नक्की ना? तुझा खोटासुद्धा लिहून घेतो. सांभाळ गं बाई त्याला." तिचे डोळे क्षणभर ओले झाल्यासारखे वाटले. मग ती फीत गुंडाळत निघून गेली, आणि माझा तिच्यावरचा सगळा राग तिच्याबरोबर गेला. मागे उरली ती फक्त लाज.

मी काहीतरी पुटपुटले, शिंकांचं निमित्त केलं आणि अक्षरशः पळाले.

सोमवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी रंग कालवायला बसले. फोटो नव्हता, फूल नव्हतं. गरजही नव्हती, तो रंग तीन आठवडे माझ्या डोळ्यांसमोरून हलला नव्हता. पांढऱ्यात थेंबभर जांभळा, अर्धा थेंब गुलाबी, सुईच्या टोकावर मावेल इतका काळा. छोट्या डबीत भरला, झाकण ठोकलं.

"कुठे निघालात?" वहिनीने विचारलं.

"माफी मागायला."

"मग केस नीट करा आधी," ती म्हणाली, आणि या एका वेळी तिने पुढे काही चिडवलं नाही.

त्याच्या दुकानात मी पहिल्यांदाच जात होते. तीन माणसं उभी राहिली तर चौथ्याने बाहेर थांबावं एवढंसं दुकान. भिंतभर घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. तो डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात वाकला होता.

"मी खोटं बोलले," दारातूनच सांगून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता. "ते फूल निळं नाही. जांभळं आहे. मला माहीत होतं. मी मुद्दाम..."

"माहीत आहे," तो म्हणाला. "बसा."

"माहीत आहे? कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून." त्याने भिंग उतरवलं. "फूल बघताच मनात एकशे बारा आलं होतं, पण तुम्ही निळा म्हणालात म्हणून सोडून दिलं. पाच पाकळ्या, टोकाला खाच, देठावर लव. निळ्यात तसं काहीच नाही म्हटल्यावर एकेक पान बघत गेलो. एकशे बारावर सगळं जुळलं. ओळ वाचली. 'कळव' असं लिहिलं होतं. मी फोन हातात घेतला."

"मग?"

"मग ठेवून दिला."

भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम ऐकू यायला लागली मला.

"पण दोन दिवस फार वाईट गेले," तो हळू आवाजात म्हणाला. "चौकातला लाल दिवा वरचा असतो म्हणून मला लाल, नाहीतर मला तोही कळत नाही. लोक सांगतात त्यावर चालतो मी. तुमचे रंग तर मी न विचारता लिहून घेतले होते. मग वाटलं... सगळेच खोटे असतील तर? तुम्हाला सगळी गंमतच वाटत असेल तर? शेवटी राहवेना. फोटो घेऊन तुमच्या वहिनींकडे गेलो. एकेक रंग विचारला त्यांना, बेचाळीसच्या बेचाळीस."

वहिनी! तासभर बसले होते म्हणे!

"एक्केचाळीस बरोबर निघाले. एकच खोटा. वहिनी म्हणाल्या, हा रंग फुलाचा नाही, आमच्या वन्संच्या पोटातला आहे." तो किंचित हसला. "घरी येऊन परत ते पान उघडलं. बाकीच्या पानांवर नुसती फुलं होती. या एकाच पानावर कुणाचं तरी बोलावणं होतं."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "खूप राग आला असेल."

"आला. खूप आला. आणि आनंदही झाला. दोन्ही एकदम होतं हे मला माहीतच नव्हतं." त्याने खिशातून चिमटा काढला आणि परत ठेवायचं विसरून हातातच धरून बसला. "एक सांगू? राग आला तर रागवा. भांडा. पुस्तक फेकून मारा. पण रंग खरा सांगा मला. मला दुसरीकडून तो कळत नाही हो."

"कानाला खडा," मी म्हणाले आणि खरोखरच कान धरला. "यापुढे मरेपर्यंत खरा रंग."

मग मी डबी उघडली. काडीच्या टोकावर थेंब घेतला आणि एकशे बाराच्या समासात, हिरव्या अक्षराच्या खाली, टेकवला. "हा बघा. हा खरा."

त्याने भिंग लावून बराच वेळ बघितलं. "मला निळाच दिसतो."

"माहीत आहे."

"पण जांभळा आहे."

"जांभळा आहे."

त्याने पेन्सिलने 'जांभळा' लिहिलं. निळ्या पानांतली ती जुनी नोंद मात्र तशीच ठेवली. मी म्हटलं, "खोडा ना ती." तर म्हणे, "नाही. पहिली खूण आहे ती."

"कसली पहिली खूण?"

"एका खुणेवरून ओळख ठरवू नये," तो तोच गंभीर चेहरा करून म्हणाला. "म्हणून गप्प राहिलो. दुसरी होतीच माझ्याकडे. गवताचं वावडं असलेली बाई सव्वीस रविवार गवतात येते. तिसरी जुळेना. ती... तुमच्याकडूनच मिळाली तर."

आता लाजून चालणार नव्हतं. मी एका दमात बोलून टाकलं. "ती तुम्हाला अरे म्हणाली तेव्हा मला रडू येत होतं. तिच्या अक्षराचा राग, रुमालाचा राग, वहिनीशी तासभर बोललात त्याचासुद्धा राग. मला तुमच्या पुस्तकात दुसऱ्या कुणाचं अक्षर बघवत नाही. मला तू हवा आहेस. झालं? जुळली तिसरी?"

त्याच्या हातातला चिमटा टेबलावर पडला. काट्यासारखा उंच माणूस, पण उभं राहताना दोनदा डोकं लोंबत्या घड्याळाला आपटलं. त्याने हात पुढे केला, आणि या वेळी मागे घेतला नाही. मी धरला.

"थांब," तो म्हणाला. माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत होता, भिंगाशिवाय, अगदी जवळून. "तुझ्या चेहऱ्याचं काहीतरी झालंय आत्ता. पण मला रंग कळत नाहीये. कोणता आहे?"

कान पेटले होते माझे. गाल, नाक, मान, सगळंच. दुसऱ्या कुणाला हे सांगावंच लागलं नसतं, आणि याला वाटेल ते सांगून निसटता आलं असतं. निळा म्हणाले असते तरी चाललं असतं. पण पाचच मिनिटांपूर्वी कान धरला होता ना!

"लाल," मी म्हणाले. "लालभडक."

त्याने एका हाताने पुस्तक ओढलं... दुसरा हात माझ्या हातात होता. मलपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या पानावर वाकडीतिकडी तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, 'लाल'.

या वेळी त्याने 'नक्की?' असं विचारलं नाही.